गणिताचे प्रशिक्षण मुलांच्या वहीपासून सुरू करा

प्रति,
राज्यातील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे सर्व प्राचार्य,
तसेच गणित प्रशिक्षणाचे आराखडे आणि घटकसंच तयार करणारे सर्व तज्ज्ञ

स.न.वि.वि.

येत्या वर्षाच्या गणित प्रशिक्षणाची आखणी करताना एक उदाहरण समोर ठेवा, एवढ्यासाठी हे पत्र. उदाहरण तिसरी-चौथीचे आहे : ४०२ − १७८.

उत्तर २२४. ज्यांचे चुकते त्यांच्या वह्या एकत्र ठेवून पाहिल्या तर चुकीची उत्तरे वाटेल तशी विखुरलेली नसतात, तीच तीच चार-पाच पुन्हा पुन्हा भेटतात. ३७६ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. वरची संख्या कोणती आणि खालची कोणती, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ३२४ लिहिणाऱ्याला शून्याचे नऊ होतात हे पाठ आहे, पण ते नऊ कुठून येतात हे ठाऊक नाही, म्हणून शतकाचे चार तो चारच ठेवतो. २३४ वाल्याने शतक सुटे केले, दशकाच्या घरात दहा मांडले, त्यातला एक दशक एककाला दिला आणि दहाचे नऊ करायचे राहून गेले. २७४ वाल्याने शतकातून थेट एककाला उसने दिले, मधल्या शून्याला हातच लावला नाही, आणि शून्यातून सात जाईनात तेव्हा सात तसेच खाली उतरवले.

वहीत मात्र चौघांनाही एकच लाल फुली मिळते. मग फळ्यावर तीच रीत पुन्हा, जरा सावकाश, जरा मोठ्या आवाजात. ३७६ वाल्याला त्या रीतीचा काही उपयोग नसतो, कारण दशक सुटे करणे म्हणजे काय हेच त्याने अजून हाताळलेले नाही. २३४ वाल्याला पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरू करायला लावले तर तो कंटाळेल. त्याला ‘एक दशक दिल्यावर किती उरले?’ एवढा प्रश्न पुरतो. शिक्षक हा फरक करत नाही तो आळसाने नव्हे. चार उत्तरांमागे चार वेगळे विचार असतात, हे त्याला डीएडला असताना कुणी दाखवलेले नसते आणि नोकरीत आल्यावरही नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रशिक्षण अशा चुकांपासून सुरू व्हावे आणि महिन्याभराने त्याच चुकांपाशी परत यावे. मधल्या काळात शिक्षकाने वर्गात काय केले, हाच प्रशिक्षणाचा खरा मजकूर. बाकी सगळे त्याच्या सोयीने बसवता येते.

सध्याची साखळी आपण सगळेच जाणतो. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र (म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) अशी उतरंड, आणि प्रत्येक पायरीवर दिवस कमी होत जातात. दिवस कमी झाल्याचे आम्हाला फारसे दुःख नाही. कमी होताना काय गळते ते पाहायला हवे. सर्वांत आधी गळते ते हाताने करून पाहणे, कारण त्याला वेळ लागतो आणि साहित्य वाहून न्यावे लागते. मग चर्चा गळते, कारण तिला सुलभकाची, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याची, स्वतःची तयारी लागते. शेवटपर्यंत टिकते ती स्लाइड, आणि स्लाइडवर असतात अध्ययन निष्पत्ती, कौशल्यांची नावे आणि एखादे सुविचारासारखे वाक्य. तालुक्याचा सुलभक ती वाचून दाखवतो, मागच्या बाकांवर उपस्थितीची लिंक भरली जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ये रे माझ्या मागल्या. ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल तर जास्त लिहीत नाही. व्हिडिओ पुढे सरकवत न्यायचा आणि प्रश्नमंजूषा पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवायची, हे सर्वांना माहीत आहे.

यावर नेहमीचे उत्तर असते : शिक्षकाचे विषयज्ञान वाढवा, बाकी आपोआप होईल. विषयज्ञान लागतेच. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली आणि तिसरीच्या मुलांची गणितातली प्रगती शिक्षकाच्या अध्यापनोपयोगी गणिती ज्ञानाशी जोडलेली दिसली होती. पण ‘आपोआप’ या शब्दापाशी घोडे पेंड खाते. त्याच देशात २०१६ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथीच्या शिक्षकांना वर्षभरात ९३ तासांचे, तेही गणिताच्या आशयावर भर देणारे प्रशिक्षण दिले होते. शिक्षकांचे ज्ञान वाढले, शिकवण्यातही काही फरक पडला, मुलांच्या गुणांत मात्र वाढ झाली नाही. चीनमधल्या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षणाची चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांवर तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले : माध्यमिक शाळांतल्या मुलांच्या गणितातल्या संपादणुकीवर वर्षभरानंतर परिणाम शून्य. कारणे वाचताना आपल्याकडचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटते. मजकूर फार तात्त्विक, सगळे व्याख्यानाने, आणि शाळेत परतल्यावर ते वापरता येईल अशी सोय नाही. याउलट जे कार्यक्रम मुलांपर्यंत पोहोचले त्यांत काही गोष्टी वारंवार दिसतात : एका विषयावर भर, प्रशिक्षणातच पाठ घेऊन पाहणे, आणि नंतर वर्गावर पाठपुरावा.

आता हे प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगतो. पुन्हा ४०२ − १७८ च घेऊ.

चार मुलांच्या एका गटाला कागदी नोटा लागतात : शंभराच्या १०, दहाच्या २०, एकच्या २०. म्हणजे गटाला ५०. चोवीस पटाच्या वर्गाला सहा गट, ३०० नोटा. ए-फोर कागदावर दहा नोटा बसतात, म्हणजे ३० कागद. जाड कागदावर छापल्या तर दोन वर्षे टिकतात. शाळेत आलेली गणित पेटी आहेच की, असे कुणी म्हणेल. पेटी आहे, पण डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, मणी हरवले तर उत्तर द्यावे लागते, म्हणून ती कपाटात आहे. छापील नोटा हरवल्या तर पुन्हा छापता येतात, एवढाच त्यांचा मोठेपणा.

गटात एक मूल नोटा हलवते, एक वहीत लिहिते, एक मोठ्याने सांगते, चौथे एकूण रक्कम मोजते. ४०२ मांडले : शंभराच्या चार, एकच्या दोन. आठ द्यायचे आहेत आणि सुटे दोनच आहेत. दहाची नोट नाही. मग शंभराची एक मोडून दहाच्या दहा आणल्या. इथे थांबायचे. लिहिणाऱ्याने त्याच क्षणी चारावर काट मारून तीन आणि शून्याच्या वर दहा लिहायचे. मग दहाची एक मोडून एकच्या दहा आणल्या. पुन्हा थांबायचे : दहावर काट, नऊ; दोनचे बारा. चौथ्या मुलाने मोजायचे : ३०० आणि ९० आणि १२, अजून ४०२ च आहेत. ही मोजणी गाळली की सगळे फुकट जाते, कारण नोटा मोडल्याने रक्कम बदलत नाही हेच ३७६ आणि ३२४ वाल्या मुलांना कळायचे आहे.

साहित्य वापरूनही मुले शिकत नाहीत, ही तक्रार आपण ऐकली असेल. त्यात तथ्य आहे, आणि त्याचे कारण असे की बहुतेक वर्गांत सोमवारी साहित्य होते आणि मंगळवारी रीत. मुलाच्या दृष्टीने ते दोन वेगळे खेळ असतात. हाताची एक हालचाल आणि वहीतली एक खूण एकाच वेळी व्हायला हवी, एवढी बारीक गोष्ट. ती स्लाइडवर लिहून कळत नाही. प्रशिक्षणात शिक्षकांनी स्वतः चौघांच्या गटात बसून ती केली पाहिजे, आणि सुलभकाने मुद्दाम ‘नऊ कुठून आले?’ असे विचारले पाहिजे. ‘शेजाऱ्याकडे नव्हते म्हणून पलीकडच्याकडून आणले’ एवढे उत्तर आले, तर तो गट अजून तयार नाही असे समजावे.

यालाच जोडून एक गोष्ट. काही घरांत आजी-आजोबा दुसऱ्या रीतीने वजाबाकी शिकवतात : वरच्या एककात दहा मिळवायचे आणि खालच्या दशकात एक. बारातून आठ गेले चार, दहातून आठ गेले दोन, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच २२४. शिक्षक ‘ही रीत चालणार नाही’ म्हणतो, मूल गोंधळते. दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली तर फरक बदलत नाही, एवढ्यावर ती रीत उभी आहे. ४१२ − १८८ करून पाहा. प्रशिक्षणातली वीस मिनिटे यावर घालवली तर ती वाया जाणार नाहीत.

भागाकाराचे दुखणे वेगळे. ६१२ ÷ ६ चे उत्तर १२ असे लिहिणारी मुले पाचवीत सहज सापडतात. सहाने सहाला भाग गेला, एक. मग एकाला भाग जात नाही म्हणून दोन खाली घेतले, बाराला दोन. मधले शून्य राहिले. ‘भाग जात नाही तिथे शून्य द्यायचे’ हा नियम पाठ करून घेतला की पुढच्या आठवड्यात मुले नको तिथेही शून्य देतात. त्याऐवजी भागाकार करण्याआधी अंदाज विचारायचा : ६०० रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला १००, मग ६१२ वाटून १२ येतील का? मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले ३०.७ टक्के होती. हा आकडा प्रत्येक प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला दाखवला जातो. मुले नेमकी कोणत्या पायरीला अडकतात, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

पहिली-दुसरीत पंचवीस ऐकून ५२ लिहिणे ही आपल्या भाषेतली खास चूक, कारण आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा बराच वाद झाला. अस्मितेची बाजू भरपूर मांडली गेली, पण मुलांच्या वहीतले ५२ मात्र मागे पडले. इंग्रजीतून भाषांतर होऊन आलेल्या घटकसंचांत ही चूक फारशी सापडणार नाही. ती आपल्याच घटकसंचात आपणच घालायला हवी.

सहावी ते आठवीचा प्रश्न आणखी निराळा आहे. शिक्षण हक्क कायद्याने या गटाला गणित-विज्ञानासाठी किमान एक शिक्षक मान्य केला आहे. तो वनस्पतिशास्त्राचा पदवीधर असू शकतो, आणि त्याला अपूर्णांकांचा भागाकार येतोच : उलटा करून गुणायचे. पण त्याला १ ३/४ ÷ १/२ साठी एक शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगा. प्रशिक्षणात हे करून पाहिल्यास बरीच उदाहरणे ‘पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटल्या’ अशी येतात. तो दोनने केलेला भागाकार झाला, अर्ध्याने केलेला नव्हे. ‘पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले, तर किती पिशव्या?’ हे बरोबर उदाहरण. इथेही पुढे खड्डा आहे. तीन पिशव्या भरल्या, पाव लिटर उरले, म्हणून मुले उत्तर सव्वातीन सांगतात. उत्तर साडेतीन आहे, कारण उरलेले दूध पाव लिटर असले तरी ते अर्धी पिशवी भरते. उरलेला भाग कशाच्या तुलनेत मोजायचा, हा प्रश्न ज्या शिक्षकाने एकदा स्वतः झगडून सोडवला, तो सव्वातीन म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवत नाही. त्याला कळते की हे मूल बरेच जवळ आलेले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. प्राथमिक शिक्षकाला सगळेच विषय शिकवायचे असल्याने हे सगळे तास गणिताला मिळणार नाहीत. गणिताला २० मिळाले असे धरू. त्यातले सहा तास, म्हणजे एक दिवस, सुरुवातीला समोरासमोर. बारा तास शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहा बैठकीत : सहा महिने, दर वेळी दोन तास, आणि प्रत्येक महिन्याला एकच चूक. उरलेल्या दोन तासांत शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गावर दोन तासिकांचे निरीक्षण आणि त्यानंतर लगेच चर्चा. एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. केंद्रप्रमुखांची पदे रिक्त असतात आणि असलेल्यांवर माहिती गोळा करण्याचे काम इतके असते की वर्गात बसायला सवड मिळत नाही, हे आम्हाला दिसते. म्हणून निरीक्षण शेजारच्या शाळेतल्या शिक्षकानेच करावे आणि आलटून पालटून करावे. मात्र त्या अर्ध्या दिवसाची लेखी कर्तव्यरजा त्याला मिळायला हवी, नाहीतर द्विशिक्षकी शाळेतून कुणी बाहेर पडूच शकणार नाही.

निरीक्षणाचा तक्ता बदला. ‘साहित्याचा वापर केला का’, ‘गटकार्य घेतले का’, ‘वातावरण आनंददायी होते का’ या रकान्यांत होय-होय-होय भरून काहीच कळत नाही. तीन गोष्टी लिहायला सांगा : मुलाने कोणते चुकीचे उत्तर दिले, ते अंकांत, त्यावर शिक्षकाने पुढचा कोणता प्रश्न विचारला, तो शब्दशः, आणि पुढचे उदाहरण त्या चुकीनुसार बदलले का. एका पानात मावते.

शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने दहा वह्यांची पाने आणावीत, मुलांची नावे झाकून. पहिली पन्नास मिनिटे ती पाने उत्तरानुसार वेगळी करायची : ३७६ ची एक चळत, ३२४ ची दुसरी. गुणांनुसार गठ्ठे केले की चर्चा ‘हुशार’ आणि ‘मागे’ मुलांवर घसरते, म्हणून ते कटाक्षाने टाळायचे. त्यानंतर प्रत्येक चळतीसाठी वर्गात विचारायचा एक प्रश्न आणि द्यायचे एक उदाहरण ठरवायचे. पायाभूत आणि संकलित चाचण्यांच्या उत्तरपत्रिका शाळेत असतातच. गुण ऑनलाइन भरले की त्या बांधून ठेवल्या जातात. नवे काही छापण्याआधी तीच बंडले सोडली तरी पहिले दोन महिने पुरेल इतका ऐवज त्यात आहे.

वेळापत्रकाचेही पाहा. हातच्याची वजाबाकी शिकवून झाल्यावर चार महिन्यांनी तिचे प्रशिक्षण होणे, केवळ निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा म्हणून, हे थांबायला हवे. घटक वर्गात येण्याआधी दोन-तीन आठवडे प्रशिक्षण झाले तर शिक्षक ते लगेच वापरतो. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे एकच तारीख सगळ्या जिल्ह्यांना लावू नका.

मोजमापाबद्दल शेवटचे. प्रशिक्षणाच्या अखेरीस भरून घेतलेल्या अभिप्रायांत जेवणासकट सगळे उत्तम असते. त्याऐवजी मुलांना पाच उदाहरणे द्या : ६३ − २८, ४०२ − १७८, ६१२ ÷ ६, पावणेदोन लिटरचे शाब्दिक उदाहरण, आणि ०.४ व ०.३५ यांतली मोठी संख्या कोणती व का. ज्या इयत्तेला जी लागू होतात तीच द्यायची. एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरात, अंक थोडे बदलून. नोंदवायचे ते गुण नव्हेत, तर प्रत्येक चुकीचे उत्तर किती मुलांनी दिले तो आकडा. हे आकडे शाळांची क्रमवारी लावायला किंवा खुलासे मागवायला वापरू नका. तसे एकदा जरी झाले तरी पुढच्या खेपेला सगळे आकडे सजवून येतील, आणि मग आपल्यालाही काही कळणार नाही आणि शिक्षकालाही.

एकदम राज्यभर करू नका. प्रत्येक जिल्ह्याने एका तालुक्यातली सहा केंद्रे घ्यावीत, तीही चिठ्ठ्या टाकून, कारण हौशी केंद्रप्रमुखांचीच केंद्रे निवडली तर तुलना फसते. बाकीच्या केंद्रांवर नेहमीचे प्रशिक्षण चालू राहू द्या. मार्चमध्ये दोन्हीकडच्या मुलांना तीच पाच उदाहरणे द्या, आणि आलेले आकडे, कसेही आले तरी, शिक्षण परिषदेत शिक्षकांसमोर मांडा.

कळावे,

आपले,
तिसरी ते आठवीला गणित शिकवणारे आणि गणिताच्या प्रशिक्षणांत सुलभक म्हणून काम करणारे काही शिक्षक